नोटिशीला पहिलं उत्तर जाण्याआधी

इंदूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. राजवाड्याजवळ त्यांचं साड्यांचं दुकान आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ चं रिटर्न त्यांनी जुलै २०२४ मध्ये कलम ४४एडी खाली (लहान धंद्याने उलाढालीचे ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची सोय) भरलं, उलाढाल ९२ लाख दाखवली. जून २०२५ मध्ये आयकर खात्याकडून कलम १४३(२) ची नोटीस आली आणि बचत खात्यात वर्षभरात भरलेल्या साडेचौदा लाख रोख रकमेबद्दल विचारणा झाली. त्यातले नऊ लाख दुकानाच्या विक्रीचे आहेत. साडेपाच लाख सासूबाईंचे: यजमानांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी आपल्या एफडी मोडून रोख काढून ठेवली होती, पण विम्याचे पैसे मिळाल्याने ती लागली नाही आणि पुढे सुनेच्या खात्यात भरली गेली. मुनीमजी म्हणतात, "ऑडिट लागलंय, मी बघतो." भाचा म्हणतो, "सगळं ऑनलाइन आहे, आपणच लिहून टाकू." बँकेत असलेले दीर म्हणतात, मोठा वकील करा. ताईंना विचारायचं आहे ते एवढंच: माणूस नेमायलाच हवा का, कोणता, आणि त्याच्यावर नेमकं काय सोपवायचं?

ताई, आधी 'ऑडिट' हा शब्द बाजूला ठेवू या, कारण त्यानेच घोटाळा होतो. आपल्याकडे टॅक्स ऑडिट म्हणजे कलम ४४एबी खालचं. उलाढाल ठरावीक मर्यादेच्या वर गेली की आपणच सी.ए. नेमून हिशेब तपासून घ्यायचे आणि अहवाल भरायचा. तुम्ही ४४एडी खाली भरता, तुमची उलाढाल दोन कोटींच्या आत आहे, त्यामुळे ते ऑडिट तुम्हाला नाहीच. तुम्हाला आलेली आहे स्क्रुटिनी, म्हणजे खात्याने तुमचं रिटर्न तपासायला घेतलं आहे. पहिल्या प्रकारात तपासणारा माणूस तुम्ही निवडता. दुसऱ्या प्रकारात तपासणारा सरकारचा असतो, आणि तुमच्या बाजूने बोलणारा माणूस तुम्हाला उभा करावा लागतो. मुनीमजींनी दोन्हीला एकच नाव दिलं म्हणून ते निर्धास्त आहेत.

मी इंदूरला सत्तावीस वर्षं सी.ए. म्हणून हे काम करतो. खात्याच्या प्रत्येक कागदासाठी माणूस नेमा असं मी कधीच सांगत नाही. कलम १४३(१) ची सूचना आली, टीडीएसचा आकडा जुळत नाही, व्याज मोजताना चूक झाली, अशा गोष्टी शिकलेला माणूस पोर्टलवर बसून तासाभरात निपटवू शकतो. तिथे मला फी देऊ नका. पण तुमची नोटीस त्या जातीची नाही. आकडेच पाहा. खुलासा पटला नाही तर अधिकारी हे साडेचौदा लाख कलम ६९ए खाली 'अस्पष्टीकृत पैसा' ठरवू शकतो. मग कर लागतो कलम ११५बीबीई प्रमाणे: साठ टक्के, त्यावर पंचवीस टक्के अधिभार, त्यावर चार टक्के उपकर, मिळून ७८ टक्के. साडेचौदा लाखांवर ११ लाख ३१ हजार. त्यावर व्याज, आणि साठ टक्क्यांच्या मूळ कराच्या दहा टक्के दंड, म्हणजे आणखी ८७ हजार. एका बचत खात्यापायी दुकानाचं भांडवल जाईल.

आता त्यातले नऊ लाखच घ्या. ते दुकानाच्या गल्ल्यातले आहेत हे दाखवता आलं, तर ती धंद्याची जमा ठरते. मग प्रश्न उरतो की ९२ लाखांच्या उलाढालीत ते धरले होते का. धरले असतील आणि हिशेब जुळत असेल, तर वाढीव करच नाही. धरले नसतील तर उलाढाल नऊ लाखांनी वाढेल, आणि ४४एडी च्या आठ टक्क्यांनी उत्पन्न वाढेल ७२ हजारांनी. त्याच नऊ लाखांवर ६९ए लागलं तर नुसता कर ७ लाख २ हजार. पैसा तोच, खातं तेच. फरक पडतो तो कोणत्या कलमाखाली ही रक्कम बसते हे किती नेमकेपणाने आणि कशाच्या आधारावर मांडलं जातं त्याने. प्रतिनिधीला फी द्यायची ती या मांडणीसाठी. आणि एक: उलाढाल वाढली की जीएसटीही आला, व्याजासकट. आयकराला एक आणि जीएसटीला दुसरं असं सांगून आता भागत नाही, म्हणून दोन्हीकडचे कागद एकत्र पाहणारा माणूस हवा.

सासूबाईंच्या पैशांत शब्दांना अजून धार आहे. भाचा लिहून टाकेल, 'सासूबाईंकडून उसने घेतले.' बोलताना आपण असंच म्हणतो. पण वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेतली की कलम २६९एसएस लागतं, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. बरं, 'भेट दिले' असं लिहिलं तर? सासू ही कायद्याच्या व्याख्येतली नातेवाईक आहे, तिच्या भेटीवर सुनेला कर नाही. पण एकाच वेळी दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारली तर कलम २६९एसटी आडवं येतं, आणि तिथेही दंड रकमेएवढाच. दोन्हीकडे वाजवी कारण दाखवून दंड टाळता येतो, आणि घरातल्या आजारपणाचा पैसा हे क्षुल्लक कारण नाही. पण तो खुलासा पहिल्यापासून कागदावर असायला हवा. यातला सोयीचा शब्द निवडा असं मी अजिबात म्हणत नाही. पैसे सासूबाईंचेच राहिले आणि तुम्ही नुसते सांभाळले, की त्यांनी ते तुम्हाला देऊन टाकले, की परत करायचे ठरले होते, हे तुमच्या घरात जसं घडलं तसंच लिहायचं. घडलेल्या गोष्टीचं कायद्यातलं नाव ओळखणं एवढंच आमचं काम.

म्हणूनच माझं सगळ्यात ठाम सांगणं आहे की माणूस पहिलं उत्तर जाण्याआधी नेमा. सियागंजातले एक मसाल्याचे व्यापारी माझ्याकडे आले ते 'कारणे दाखवा' नोटीस हातात पडल्यावर. त्याआधी दोन महिने त्यांनी घाईत स्वतःच एक ओळ लिहून पाठवली होती: 'ही घरात साठवलेली बचत आहे.' खरं तर त्यातले बरेचसे पैसे जुना टेम्पो विकून आलेले, बाकीचे दुकानाचे. टेम्पोच्या विक्रीचे कागद होते, विक्रीची वही होती. आम्ही ते सगळं सात दिवसांत जोडून पाठवलं. अधिकाऱ्याने आदेशात लिहिलं की करदात्याने आधी एक सांगितलं, आता वेगळं सांगतो आहे, हा नंतर सुचलेला बचाव आहे. खरे कागद पहिल्या खोट्या ओळीखाली दबले. आता ते अपिलात आहेत. त्या ओळीमागे लबाडी नव्हती, भीती होती. नोटीस पाहून माणूस घाबरतो आणि लवकर काहीतरी पाठवून मोकळा होतो. वेळ हवा असेल तर पोर्टलवर मुदतवाढ मागण्याची सोय आहे. दिलेली तारीख उलटण्याआधी ती मागा. तारीख तशीच सोडली तर मात्र प्रत्येक चुकीला दहा हजार दंड होऊ शकतो, आणि कलम १४४ खाली अधिकारी त्याच्या अंदाजाने आदेश काढू शकतो.

दीर मोठा वकील करा म्हणतात. मी आधी हे सांगेन की काम आता कुठे आणि कसं चालतं ते समजून घ्या. मी सुरुवात केली तेव्हा फाइल काखेत मारून व्हाईट चर्चजवळच्या आयकर भवनात जायचो. समोरचा अधिकारी इंदूरचा बाजार ओळखून असायचा. लग्नसराईत साड्या पसंतीवर घरी जातात, निम्म्या परत येतात, उधारी दिवाळीला वसूल होते, हे त्याला सांगावं लागत नसे. आता कलम १४४बी खाली तपासणी चेहराविरहित आहे. नोटीस दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून येते, आणि तुमची फाइल देशातल्या कुठल्याही शहरातल्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. त्याचं नाव तुम्हाला कळत नाही. 'आयकर भवनात माझी ओळख आहे' असं सांगून पैसे मागणाऱ्याचा तुमच्या प्रकरणात काडीचाही उपयोग नाही. असं बोलणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

याचा दुसरा अर्थ मोठा आहे. पूर्वी चांगला बोलणारा प्रतिनिधी लागायचा. आता लागतो चांगला लिहिणारा. दूरच्या अधिकाऱ्याला पसंतीवर दिलेली साडी म्हणजे काय हे कागदावरूनच समजलं पाहिजे. सासूबाईंच्या एफडीच्या पावत्या, पैसे काढल्याच्या नोंदी, हॉस्पिटलची तारीख, विम्याची रक्कम जमा झाल्याचा दिवस, आणि मग तुमच्या खात्यातला भरणा, हे सगळं तारखेच्या क्रमाने एका तक्त्यात बसलं की त्याला प्रश्न विचारायची गरजच पडत नाही. आणि वहीतली मराठी किंवा हिंदी नोंद वाचता न येणाऱ्या माणसाकडेही फाइल जाऊ शकते, तेव्हा महत्त्वाच्या पानांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडलेलं बरं. पोर्टलवर एका फाइलला ५ एमबीची मर्यादा असते, म्हणून दोनशे पानांचा ढीग कोंबण्यापेक्षा क्रमांक घातलेली मोजकी पानं पाठवावीत. माझ्या सुरुवातीच्या काळात मीही अख्खं बँक स्टेटमेंट जोडून 'सोबत पाहावे' लिहिलं होतं. अशिलाला त्याची झळ बसली. तेव्हापासून तक्ता केल्याशिवाय मी एकही उत्तर पाठवत नाही.

बाजू मांडायची तोंडी संधी पूर्ण गेलेली नाही. 'कारणे दाखवा' नोटीस आल्यावर तुम्ही व्हिडिओवर सुनावणी मागितलीत तर ती द्यावी लागते. ती मागाच, आणि नेमलेला माणूस स्वतः त्यात बसणार का हे आधी विचारून ठेवा.

आता कोण चालतो. कायद्याचं कलम २८८ यासाठी आहे आणि त्यातल्या काही गोष्टी लोकांना ठाऊक नसतात. सी.ए. आणि वकील तर आहेतच. वाणिज्य किंवा कायद्याची पदवी असलेले आयकर प्रॅक्टिशनरही आहेत. नातेवाईक चालतो, आणि इथे कायदा कोणत्याही प्रकारे नातं असलेल्या माणसाला मुभा देतो. भाचाही त्यात बसतो, पण हे काम त्याचं नाही. त्याने तुमच्यासाठी कागद स्कॅन करावेत, तुमच्या वतीने उभं राहू नये. मुनीमजी तुमच्याकडे कायम नोकरीला असतील तर चालतात. पाच दुकानांच्या वह्या लिहिणारे असतील तर ते तुमचे नियमित कर्मचारी ठरायला कठीण. तुमचे दीर बँकेत आहेत म्हणता. तुमचं चालू खातं असलेल्या शेड्यूल्ड बँकेचा अधिकारीसुद्धा प्रतिनिधी होऊ शकतो. पण तुमचं खातं त्यांच्याच बँकेत असलं तरी मी त्यांना या कामात ओढणार नाही. कायदा मुभा देतो म्हणून कौशल्य येत नाही.

सी.ए. की वकील, हा वाद तुमच्या टप्प्यावर फारसा महत्त्वाचा नाही. आत्ता लागतो वह्या आणि बँक जुळवणारा हात. तो बहुधा सी.ए. किंवा अनुभवी प्रॅक्टिशनरकडे असतो. पुढे अपील लागलं आणि ट्रिब्युनलपर्यंत गेलं, तर तिथे दोघेही उभे राहू शकतात. उच्च न्यायालयात मात्र वकीलच. ट्रिब्युनलचं आणि उच्च न्यायालयाचं, दोन्हींची खंडपीठं इंदूरला आहेत, त्यामुळे मोठ्या नावासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहायचं कारण नाही. तुमचं रिटर्न ज्यांनी भरलं त्यांनाच द्यावं का? ते जर स्क्रुटिनीचं काम नेहमी करत असतील तर जरूर, कारण त्यांना तुमचा धंदा माहीत आहे. पण बचत खात्यातली रक्कम रिटर्न भरताना त्यांनीच पाहिली नसेल, तर ते नकळत स्वतःची चूक झाकायला लागण्याची भीती असते. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. दुसऱ्याकडे गेलात तरी त्यांच्याकडून सगळे कागद मागून घ्या, भांडू नका.

पहिल्या भेटीत मी तुमच्या जागी असतो तर असं विचारलं असतं: उत्तर कोण लिहिणार, तुम्ही की ऑफिसातला शिकाऊ मुलगा? पाठवण्याआधी मसुदा मला वाचायला देणार का? नोटीस, 'कारणे दाखवा', व्हिडिओ सुनावणी, अपील यांतलं फीमध्ये काय धरलं आहे? शेवटचा प्रश्न संकोचाने टाळला जातो आणि तिथेच पुढे कडवटपणा येतो. फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या. वाचवलेल्या कराचे टक्के मागणारा सी.ए. आपल्या संस्थेचा नियम मोडतो आहे, वकिलालाही ते चालत नाही. आणि 'जुन्या तारखेची पावती बनवून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. खोट्या नोंदीला त्या रकमेएवढा दंड कलम २७१एएडी मध्ये आहे, आणि खोट्या निवेदनाबद्दल खटलाही होतो. तो तुमच्यावर चालतो, पावती बनवणारा सोबत अडकला तरी तुमची सुटका होत नाही.

नेमणूक लेखी अधिकारपत्राने करा. पोर्टलवर लॉगिन करून ई-प्रोसीडिंगमध्ये अधिकृत प्रतिनिधी म्हणून त्यांचं नाव जोडता येतं. मग ते त्यांच्या लॉगिनने उत्तर देतात. तुमचा पासवर्ड कुणाला द्यावा लागत नाही. हे मी जीव तोडून सांगतो, त्याला कारण आहे. लोकमान्य नगरातल्या एका मावशींनी प्लॉट विकला होता. रिटर्न भरणाऱ्या गृहस्थांनी पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल घातला होता. पुढे त्यांनी काम बंद केलं. तीन नोटिसा त्या मेलवर जाऊन पडल्या. मावशींना कळलं ते थेट कलम १४४ चा आदेश आणि मागणी निघाल्यावर, तेही बँकेचं खातं अडकलं तेव्हा. अपिलाची तीस दिवसांची मुदतही उलटून गेली होती. उशीर माफ करण्याच्या अर्जासोबत आम्ही अपील केलं, पण सत्तरीतल्या बाईने दोन वर्षं ज्या धास्तीत काढली ती कुठल्या आदेशाने परत मिळत नाही. तेव्हा आज रात्रीच प्रोफाइल उघडा आणि ईमेल, मोबाइल तुमचे आहेत का पाहा. नोटिशीवरचा दस्तऐवज ओळख क्रमांकही पोर्टलवर तपासा. २०१९ च्या १ ऑक्टोबरपासून खात्याच्या पत्रावर तो असावाच लागतो. बनावट नोटिशीवर घाबरून पैसे भरणारे लोकही मी पाहिले आहेत.

प्रतिनिधी नेमला म्हणजे तुमची सुटका झाली असं मात्र नाही. कलम १३१ खाली शपथेवर जबाबाला बोलावलं तर तुम्हालाच जावं लागतं, तिथे दुसरा कुणी तुमच्या जागी बोलू शकत नाही. उत्तरातली प्रत्येक वस्तुस्थितीही तुमचीच. म्हणून मसुदा वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका. इंग्रजी अवघड वाटलं तर त्यांना मराठीत वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, आणि नीट काम करणारा माणूस त्याला कधीच कंटाळत नाही.

सगळं करूनही आदेश विरुद्ध गेलाच तर धीर सोडू नका. तीस दिवसांत फॉर्म ३५ ने अपील होतं, सरकारी फी जास्तीत जास्त हजार रुपये. मागणीच्या वीस टक्के भरून उरलेल्याला स्थगिती मागता येते, आणि त्यासाठी मात्र इंदूरच्याच अधिकाऱ्याकडे जायचं असतं. नऊ लाखांपुरती उलाढाल वाढवली गेली आणि ते पटण्यासारखं असेल, तर कर आणि व्याज भरून, अपील न करता, कलम २७०एए खाली दंडातून सूट मागण्याचाही रस्ता आहे. ज्या महिन्यात आदेश मिळतो तो संपल्यापासून महिनाभरात अर्ज करायचा. मात्र 'चुकीची माहिती दिली' असा ठपका आदेशात असेल तर तो रस्ता बंद होतो. पहिल्या उत्तरातली भाषा इथेही आडवी येते किंवा तारून नेते.

तुमच्या २०२३-२४ च्या प्रकरणाचा आदेश ३१ मार्च २०२६ पर्यंत निघायला हवा, म्हणजे वेळ आहे. पण एका कामाला नाही. सासूबाईंचं वय तुम्ही ऐंशीच्या पुढे लिहिलं आहे. वकील किंवा सी.ए. ठरायची वाट न पाहता त्यांच्या बँकेतून त्या वर्षाचं स्टेटमेंट आणि मोडलेल्या एफडींचे तपशील मागवा. एखाद्या निवांत दुपारी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनी पैसे कधी काढले, घरात कुठे ठेवले, तुमच्या हाती कधी आणि काय म्हणून दिले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मध्ये काही सुचवू नका. त्यावरून शपथपत्र तयार करायला नेमलेल्या माणसाला सांगा, आणि सासूबाईंना ते मराठीत वाचून दाखवल्यावरच त्यांची सही घ्या.